साडीला मॅचिंग लॅपटॉप: बदलापूर ते उल्हासनगर

या ब्लॉगवर तुम्ही माझ्याबरोबर स्पितीच्या थंडीत कुडकुडला आहात आणि हंपीच्या दगडांवर तापलाही आहात. या वेळचा प्रवास मात्र बदलापूर ते उल्हासनगर. हसू नका. स्कूटरवरून वाहतूक मोकळी मिळाली तर पाऊण तासाचा रस्ता, आणि ती मोकळी कधीच मिळत नाही. तरीही यंदाच्या माझ्या सगळ्या भटकंतीत हाच प्रवास सगळ्यात जास्त मनात राहिला आहे, म्हणून लिहिते.

निमित्त आईच्या लॅपटॉपचं. आई अंबरनाथला राहते. शाळेतली नोकरी संपल्यावर तिने कॅमेरा घेतला आणि बाबांना घेऊन फिरत सुटली. ती फोटो काढायची, बाबा पिशव्या धरायचे. दोन वर्षांपूर्वी बाबा गेले. त्यानंतर ती बायकांच्या ग्रुपबरोबर जाते, पण फोटोंचं काम अजून माझ्या जुन्या लॅपटॉपवर चालायचं. त्याचा पंखा मिक्सरसारखा ओरडतो आणि स्क्रीनच्या मधोमध एक गुलाबी रेघ आहे.

एके दिवशी तिचा फोन आला. "मला नवा लॅपटॉप घ्यायचाय. याच आठवड्यात."

"ऑनलाइन बघते ना मी. दोन दिवसांत घरी येईल."

"नको. मला डोळ्यांनी बघून घ्यायचाय. उल्हासनगरला जाऊ."

माझी आई मसाल्याच्या मिरच्या घ्यायलाही चार दुकानं फिरून पाचव्या दिवशी निर्णय घेणारी. तिला घाई झाली म्हणजे काहीतरी बिनसलंय, हे मला लगेच कळलं.

शनिवारी सकाळी बदलापुरातल्या कात्रपच्या माझ्या घरून निघाले. बदलापूर-अंबरनाथ रस्ता आता रुंद झालाय, पण जिथे तिथे नव्या टॉवरांची कामं आणि त्यांचे डंपर. दुचाकीने जाणार असाल तर नऊच्या आत निघा आणि तोंडाला रुमाल बांधा. आईकडे पोचले तेव्हा ती तयार होऊन बसली होती. हातात कापडी पिशवी, आणि पिशवीत घडी घातलेली तिची मोरपंखी साडी.

या साडीबद्दल सांगायला हवं. बाबांनी ती फार वर्षांपूर्वी उल्हासनगरलाच घेऊन दिली होती. घेतली तेव्हा दोघांच्या मते ती मोरपंखी होती. पुढे पुढे आई तिला "हिरवी" म्हणायला लागली आणि बाबा "निळी" म्हणत राहिले. लग्नाला निघताना बाबा म्हणायचे, "ती निळी नेस." आई म्हणायची, "निळी कुठाय माझ्याकडे? ती हिरवी आहे." आमच्याकडे पाहुणे आले की त्यांनाही पंच नेमलं जायचं. मी बाबांच्या बाजूने बोलले की आई म्हणायची, "तू त्यांचीच."

"साडी कशाला घेतलीस?" मी विचारलं.

तिने मला खिडकीपाशी नेलं, साडीचा पदर उलगडला आणि आधी एक डोळा तळहाताने झाकला, मग दुसरा. गेल्या महिन्यात तिच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं.

"नव्या डोळ्याने निळी दिसते," ती म्हणाली. "स्वच्छ निळी. जुन्याने हिरवी. डॉक्टर म्हणाले, असंच होतं, मोतीबिंदूने आतली काच पिवळी पडते. म्हणजे हे बरोबर सांगत होते गं, इतकी वर्षं."

मग तिने पुढे सांगितलं. पुढच्या आठवड्यात डावा डोळा. आधीच दोनदा पुढे ढकललेलं ऑपरेशन, आता डॉक्टर थांबायला तयार नाहीत. तो डोळा झाला की हिरवी साडी कायमची गेली.

"ह्यांच्याशी मी ज्या साडीवरून भांडायचे ना, ती आता फक्त या एका डोळ्यात आहे. मला ती काढून ठेवायचीय. फोटोत."

फोटो कोणता तेही ठरलेलं होतं. दिवेआगरचा. आई त्या साडीत वाळूवर उभी आहे, क्षितिज एका बाजूला कललेलं आणि वरच्या कोपऱ्यात बाबांच्या बोटाचा गुबगुबीत ठिपका. बाबांनी आईच्या कॅमेऱ्याने काढलेला तो एकमेव फोटो.

"पण त्यासाठी स्क्रीन आधी खरा रंग दाखवणारी पाहिजे," आई म्हणाली. "मग त्यात माझा रंग मिसळता येईल."

मी रात्री जागून वजन, बॅटरी, रॅम वगैरे सगळा अभ्यास करून आले होते. त्यात ही गोष्ट कुठेच नव्हती.

अंबरनाथहून उल्हासनगरला जाताना स्कूटर स्टेशनजवळच्या पार्किंगमध्ये लावा आणि पुढे शेअर रिक्षा करा. बाजारात स्कूटर लावायला जागा शोधणं म्हणजे दिवस फुकट. रिक्षेत आई साडीची पिशवी मांडीवर घट्ट धरून बसली होती. उल्हासनगरच्या कॅम्प दोन भागात उतरल्यावर आधी दाल-पकवान खाल्लं. कुरकुरीत पकवान, वर घट्ट चणाडाळ, चिंचेची चटणी, कच्चा कांदा. दोघींचं पोट दीडशेच्या आत भरलं. तिथे गेलात तर हे चुकवू नका, आणि अकराच्या आत जा, नंतर डाळ संपते.

पहिलं दुकान काचेचं, एसीवालं. तिथल्या पोराने आईकडे न बघता मला विचारलं, "मॅडम, बजेट काय? गेमिंग करता क्या?"

"लॅपटॉप माझ्यासाठी आहे," आई म्हणाली. "रोजचं काम, प्रवासात न्यायला हलका आणि फोटो एडिट करायला."

त्याने चार स्क्रीन लावल्या. चारही स्क्रीनवर पोपट, आइस्क्रीम आणि लालभडक स्ट्रॉबेरी. आईने पेनड्राइव्ह पुढे केला आणि पिशवीतून साडी काढून काउंटरवर पसरली.

"आंटी, ये क्या?"

"मॅचिंग करायचंय."

तो माझ्याकडे बघायला लागला. आईने साडी स्क्रीनशेजारी धरली, मान तिरकी केली आणि वरच्या पांढऱ्या दिव्यांकडे बोट दाखवलं. "या लाइटात काही कळणार नाही. बाहेर नेऊन बघू."

ब्लाउजपीस घेताना कोणतीही बाई हेच करते. मॅचिंग सेंटरमधून ताग्याचं टोक ओढत फुटपाथवर आणते, साडीला लावते, मगच होकार देते. पण इथे प्रत्येक लॅपटॉपला अलार्मची वायर होती. पोराने "पॉसिबल नहीं है" म्हटलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, खरं सांगते. मी पटकन साडीची घडी घालायला घेतली, तर आईने ती माझ्या हातातून काढून घेऊन नीट स्वतःच घातली.

पुढच्या दोन दुकानांतही तेच झालं. तिसरं, नाही, चौथं दुकान कपड्यांच्या गल्लीच्या तोंडाशी होतं. अरुंद, पुढे दगडी पायरी, वर ताडपत्रीची सावली. गल्ल्यावर साठीचे एक सिंधी काका. आईने तीच मागणी केली.

काका साडीकडे बघून म्हणाले, "मॅचिंग का काम है, तो ऐसे बोलो ना मावशी! ही दुकान पहिले माझ्या डॅडींची होती, कपडे की. दिवसभर लेडीज लोक इथेच पायरीवर उभी राहायची." आणि त्यांनी खरोखरच तीन लॅपटॉप बाहेर आणून पायरीवर मांडले. कडक उन्हात स्क्रीन दिसत नाही, आतल्या ट्यूबलाइटात रंग कळत नाही. ताडपत्रीखालचा उजेड मात्र अगदी बेताचा होता. तीनही स्क्रीनवर दिवेआगर उघडलं आणि शेजारी साडी.

उल्हासनगरच्या बाजारात तुम्ही काही मॅच करायला घेतलं की ते फक्त तुमचं राहत नाही. फॉल-पिकोची पिशवी घेतलेली एक बाई थांबली. "ह्यात जरा जांभळट मारतंय, ताई," पहिल्या लॅपटॉपकडे बोट दाखवत ती म्हणाली. तिच्याबरोबरची म्हणाली, "मधलावाला सही आहे. पण साडी थोडीशी अजून डार्क आहे ना?" काकांनी कुठलंसं बटण दाबून स्क्रीनचा पिवळा मोड बंद केला, तेव्हा दोघींनी एकदम "हां, आत्ता!" म्हटलं. तुम्ही स्क्रीन बघायला जाल तेव्हा हा रात्रीचा मोड बंद आहे ना, एवढं आधी तपासा.

तेवढ्यात शेजारच्या दुकानातले म्हातारे गृहस्थ चहाचा कप घेऊन आले आणि साडीकडे बघून म्हणाले, "लेकिन ये तो ग्रीन है."

आईने झटकन वर बघितलं. "भाऊ, डोळे दाखवलेत का?"

"क्यों?"

"दाखवून घ्या. आधी घरात कोणाशी यावरून भांडण चाललं असेल तर ते मात्र पूर्ण करून घ्या."

सगळे हसले. आईही हसली, आणि हसताना तिचे डोळे भरले. तिने पदराने पुसले नाहीत, हातात साडी होती तरी.

काकांना फोटोतलं बोट खटकत होतं. "ये कोने में उंगली आया है, मावशी. क्रॉप करके दिखाऊँ?"

"नको," आई म्हणाली. "ते असू दे तिथेच."

शेवटी मधला ठरला. वाचकांसाठी तपशील: चौदा इंची, न चमकणारी स्क्रीन, दीड किलोच्या आत वजन, सोळा जीबी रॅम. एसआरजीबी, म्हणजे स्क्रीनसाठी ठरलेला रंगांचा संच, जवळपास पूर्ण दाखवणारा, हे विचारून घ्याच, कारण स्वस्त लॅपटॉपात इथेच काटकसर केलेली असते. चार्जर टाइप-सी, म्हणजे प्रवासात मोबाईलबरोबर एकच पुरतो. घासाघीस करून सत्तर हजारांच्या आत बसला आणि वर बॅग, माउस मिळाला. पण मी तुम्हाला यातलं काहीही सांगितलं तरी तुम्ही तुमचा एखादा फोटो आणि त्यातली खरी वस्तू बरोबर न्या. ओंजळभर हळद न्या, नाहीतर पोराचा शाळेचा शर्ट न्या. आणि जो दुकानदार लॅपटॉप पायरीवर आणेल त्याच्याकडूनच घ्या.

अंबरनाथला परतलो तेव्हा उन्हं कलायची होती. आईने जेवणही नको म्हटलं. खिडकीपाशी टेबल ओढलं, खुर्चीवर साडी टाकली आणि बसली. डावा डोळा झाकून स्क्रीन बघायची, उजवा झाकून साडी बघायची आणि मला सांगायची, "अजून थोडं पिवळं. खूप झालं. मागे घे. हं, आता निळं कमी." मी माउस हलवत होते. मला तो फोटो हळदीच्या पाण्यात बुडवल्यासारखा दिसत होता, वाळू शेवाळलेली, समुद्र आजारी. मला दिसणाऱ्या रंगाचा इथे काही उपयोग नव्हता.

"थांब," ती म्हणाली. एकदा हा डोळा, एकदा तो, असं किती वेळ तरी चाललं. "हीच. हीच नेसायचे मी."

तिने दोन फायली ठेवल्या. एकीला नाव दिलं "ह्यांची", दुसरीला "माझी".

ऑपरेशन ठरल्याप्रमाणे झालं. पट्टी निघाल्यानंतरच्या रविवारी मी पुन्हा गेले. साडी कपाटाबाहेर टांगलेली होती आणि दोन्ही डोळ्यांनी ती आता निळीच होती. आई लॅपटॉपपुढे बसली होती. स्क्रीनवर दोन्ही फोटो शेजारी शेजारी.

"अगंबाई, किती हिरवी दिसायची मला!" ती म्हणाली. "आणि मी तुझ्या बाबांना वेड्यात काढायचे. खरं तर आता दुसरी फाइल उडवायला हवी."

"उडवू?"

"नको." तिने माउसवरचा माझा हात बाजूला केला. "निळी उघडली की त्यांचं खरं ठरतं. हिरवी उघडली की ते भांडायला येतात."

संध्याकाळी बदलापूरला परतताना डंपर, धूळ, सगळं तेच होतं. घरी येऊन हा लेख लिहायला बसले आणि सोबत टाकायला आईकडे तिच्या आवडीचा फोटो मागितला. तिने पाठवला तो वर दिलाय. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना वाटेल की रंग बिघडलेत. बिघडलेले नाहीत. कोपऱ्यातलं बोट बाबांचं आहे.