साहेबाची बाजू आधी बोल

मंडळी, आजचा प्रकार सांगितल्यावाचून राहवत नाही.

काशीत मंगला गौरीच्या देवळाजवळच्या माझ्या उदबत्तीच्या दुकानात आज सकाळी कलकत्त्याहून एका गोऱ्या कंपनीची वकिली नोटीस आली. कंपनीचं म्हणणं असं: तुमच्या पुड्यावरचं मोराचं चित्र आमचं, सुगंधाची कृतीही आमची. विक्री बंद करा, नाहीतर कोर्टात या!

तसाच तडक रामघाटावर गेलो. तिथल्या पाठशाळेत माझे वडील न्यायशास्त्र, म्हणजे तर्काचं आणि वादाचं शास्त्र, शिकवतात. "आबा, असं उत्तर देतो की साहेब हादरेल!"

"आधी साहेबाची बाजू बोल," आबा शांतपणे म्हणाले. "आज तू कंपनी, मी दुकानदार. कर मुकदमा."

तिथेच जुंपली आमची. चित्राचा दावा आबांना कबूल करावा लागला. सुगंधाचा त्यांनी पुरावा मागितला, तेव्हा माझ्याकडे, म्हणजे कंपनीकडे, तो नव्हताच. उत्तर आपोआप समोर आलं: मोर काढायचा, कृतीचा दावा नाकारायचा, विक्री चालूच ठेवायची. मग आमच्या ओळखीच्या एका वकिलांनी तेच इंग्रजीत लिहून दिलं.

मी थक्क! पण परतताना वेगळंच आठवलं. पाठशाळा सोडून दुकान काढतो म्हणालो, तेव्हा आबा कितीतरी दिवस गप्प होते. मग स्वतःच दुकानाचा मुहूर्त काढून दिला.

त्या दिवसांत ते माझ्या बाजूने स्वतःशीच भांडत होते का हो?