आत्याबाईंची दुसरी साक्ष

फोन सकाळी आला, मी कनिक मळत व्हते. गावाकडून चुलत दीर बोलत व्हता. म्हनला, "वहिनी, थोरली आई पहाटं गेली. तुम्हाला कळवलेलं बरं." मी म्हनलं, "बरं केलं भाऊ." मंग उरलेली कनिक मळली, पोळ्या केल्या. रडू आलं नाय. सव्वा म्हैना झाला, अजून आलं नाय. नव्वदीला टेकलेली बाई झोपेत गेली, त्यात रडायचं काय. आत्याबाई म्हंजे माझ्या सासूबाई. त्यांच्यासंगं मी एका घरात चौदा वर्षं राह्यले आन एका कोर्टात दोन डाव उभी राह्यले. मला कोर्टातल्याच जास्त आठवतात. पोरगी म्हनली, आई तू बोल, मी बोलशील तसं लिहिते. म्हनून हे.

वणीकडं आमचं गाव. सासऱ्यांनी हयातभर खपून तिथं हीर खांदली, पानी लागलं आन दोन वर्सांनी ते गेले. त्या पान्यावर माझ्या नवऱ्यानं द्राक्षाचा बाग लावला. आत्याबाई तोंडानं लय फटकळ. मी भाजी निवडली की देठं मोजल्यागत बघायच्या. "इंदे, बापाचा मळा हाय का तुझ्या, एवढं फेकतीस?" चौदा वर्षांत चांगलं बोलल्या असतील दोन-तीन डाव. बाग चांगला पिकाया लागला तसा नवरा बदलला, आन एक दिस दुसरी बाई घरात आनली. भांडन मी केलं नाय, पोरगी घेऊन निघाले. सुनंदा तव्हा सात वर्षांची. आत्याबाई वट्ट्यावर बसल्या व्हत्या. थांब म्हनल्या नाय, जा बी म्हनल्या नाय. एवढंच म्हनल्या, "पोरीची गोधडी घे. नाशकात थंडी असती."

नाशकात गंगापूर रोडला चार बंगल्यांची धुनीभांडी धरली. त्यातल्याच एका बंगल्यातल्या बाईंनी मला वकीलबाईंकडं धाडलं. पोरीच्या खर्चाचा अर्ज केला. माझ्यासाठी मी काय मागितलं नाय, हातपाय व्हते. कोर्टात पहिल्या दिवशी मला नवऱ्याचं नाव इचारलं. जन्मात उखान्याबिगर घेतलं नव्हतं, तिथं कोरंच घेतलं, त्याच्या बापाच्या नावासकट. टाइप करनाऱ्यानं "जरा मोठ्यानं" म्हनून पुन्हा घ्याया लावलं.

वकीलबाईंनी मला आधीच समजावलं व्हतं. म्हनल्या, "कोर्ट आधी बघतं बाप कमावतो किती. नोकरदार असला तर पगाराचा कागद मागवायचा, काम सोपं. शेतकऱ्याचा पगाराचा कागद नसतो. मग सातबारा कोणाच्या नावावर, पीक कोणतं, तो राहतो कसा, ते बघायचं. त्यातून त्याचा स्वतःचा खर्च जातो, म्हाताऱ्या आईचा जातो. उरलं त्यात पोरीचा वाटा. आणि तुमची कमाईही धरतात बरं का." मी इचारलं, "बापाच्या घरी दूध प्यायची ती, ते धरत्यात का?" बाई हसल्या. म्हनल्या, "धरायला हवं. पोर तिकडं जशी राहिली असती, तशी इकडं राहिली पाहिजे. पण कागद लागतो हो."

कागद त्यांच्याकडं व्हता. नोटीस गेल्याबरोबर नवऱ्यानं सगळी जमीन आत्याबाईंच्या नावावर केली. कोर्टात म्हनला, "माझं काय नाय. आईच्या रानात मजुरी करतो. वरून आईला सांभाळतो." आमच्या वकीलबाई म्हनल्या, "मजुरी आई देते आणि आईला तुम्ही सांभाळता. दोन्ही एकदम कसं जमतं?" मागं दोघंतिघं हसले. पन मंग आत्याबाई साक्षीला उभ्या राह्यल्या. डोईवर पदर, हातात पिशवी. त्यांना इचारलं, जमीन कोनाची? "माझी." मुलगा काय करतो? "माझ्या हाताखाली राबतो." माझ्याकडं एकदाबी बघितलं नाय. कागद त्यांचं बोलनं खरं करत व्हता. तव्हा कायद्यात म्हैन्याला जास्तीत जास्त पाचशे व्हते, त्याला मजूर धरून कोर्टानं दोनशे लावले. दोनशे तर दोनशे... त्यात पोरीची वह्यापुस्तकं झाली, बाकी मी बघितलं.

अशी आठ वर्षं गेली. सुनंदा धाव्वी झाली, चांगले मार्क पडले. तिला सायन्सला जायचं व्हतं, पुढं नर्स व्हायचं व्हतं. कालेजची फी, क्लास, बसचा पास, मी बोटावर मोजलं तर बोटं संपली. एका बंगल्यातल्या आजी म्हनल्या, "तुझ्यासंगं घेऊन येत जा तिला, दोन घरं तिला पन मिळतील." वंगाळ नव्हत्या बोलत, पोटाचंच बोलत व्हत्या. मी सुनंदाला सांगून टाकलं, सहा म्हैने बघू, नाय जमलं तर माझ्यासंगं यायचं. ती हो म्हनली. रडली असती तर बरं वाटलं असतं मला.

त्याच वर्षी आमी गडावर देवीला गेलो. येताना माझ्या चुलत नंदेनं ओढून सासरच्या गावात नेलं, देवळाचा नवा सभामंडप बघ म्हनली. आमच्याकडं देवळाला पैसे दिले की देनाऱ्याचं नाव फरशीवर कोरत्यात, आकड्यासकट. भितीला लावलेल्या फरशा सुनंदा वाचत चालली व्हती. एका फरशीपाशी थांबली. "आई, हे बाबांचं नाव हाय. रोख अकरा हजार." मी चौथी शिकलेली, मी बी एक एक अक्षर लावून वाचलं. बरोबर व्हतं. कोर्टात मजूर आन देवळात अकरा हजारवाला... लोकं देवापुढं कमाई लपवत नाय, उलटी वाढवून सांगत्यात, ते मला त्या दिवशी कळलं. फोटो काढून वकीलबाईंना दिला. त्या म्हनल्या, "पाचशेची मर्यादा आता उठली आहे. वाढीचा अर्ज करू."

पुन्हा तेच कोर्ट, साहेब दुसरे. पुन्हा आत्याबाई, पाठीत वाकलेल्या. वकीलबाईंनी फोटो म्होरं धरला. "हे नाव कोणाचं?"

"माझ्या पोराचं."

"अकरा हजार त्यानं दिले?"

नवऱ्याचा वकील लगेच उठला. म्हनला, "साहेब, जमीन आईची, पीक आईचं, म्हणजे पैसेही आईचेच. मुलाचं फक्त नाव घातलं." मंग आत्याबाईंकडं वळून गोड बोलला, "आजी, पैसे तुमचेच होते ना? हो म्हणा."

खरं सांगते, मी मनात सगळं मोडून ठेवलं व्हतं. हो म्हनल्या की सुनंदा सोमवारपासून माझ्यासंगं. एवढ्या एका शब्दाचं काम व्हतं. आत्याबाई फोटोकडं बघत राह्यल्या. त्यांना वाचता येत नव्हतं, पन कुठली फरशी ते ठाऊक व्हतं. मंग साहेबाकडं बघून म्हनल्या, "माझे कसे असतील? माझे असते तर तिथं ह्याच्या बापाचं नाव असतं. हीर त्यांनी खांदली. मी म्हनलं व्हतं ह्याला, बापाचं नाव टाक. ह्यानं सोताचं टाकलं."

वकील म्हनला, "आजी, नीट आठवा..."

"आठवून सांगते. बागाचा पैसा मी हातात कधी धरला नाय. अंगठा तेवढा माझा."

साहेबांनी लिहून घेतलं. नवरा खाली बघत व्हता.

बागाचं उत्पन्न त्याचंच धरलं. त्याचा खर्च काढला, आत्याबाईंचा काढला, माझी चार घरं धरली, फीच्या पावत्या बघितल्या आन पोरीला म्हैन्याला दीड हजार लावले. निकाल ऐकाया आत्याबाई आल्या नव्हत्या. पन त्याआधी, साक्षीच्या दिवशी, कोर्टाबाहेर झाडाखाली एकट्या बसलेल्या दिसल्या व्हत्या. ल्योक गाडी घेऊन निघून गेला व्हता. मी चहा आनला. कप घेतला, फुकून पिल्या. म्हनल्या, "तुझ्यासाठी नाय बोलले मी."

मी म्हनलं, "ठाऊक हाय आत्याबाई."

"तुझ्यात बी खोट कमी नाय. भाजी अजून तशीच फेकतीस का?"

"आता फेकायापुरती नसती."

बसचे पैसे द्यायला गेले तर घेतले नाय, पिशवीतून सोताचे काढून दाखवले. मी त्यांना एसटीत बसवलं. गाडी सुरू झाली तशी खिडकीतून इचारलं, "पोरीची फी कव्हा भरायची असती?" मी म्हनलं, "जूनात."

त्यानंतर जून आला की गावाकडून भाजीपाला घेऊन येनाऱ्या कोनाकडं तरी निरोप यायचा, म्हातारी इचारती, फी भरली का. मी सांगून धाडायची, भरली. ल्योक त्यांच्याशी दोन-तीन वर्षं बोलला नाय, त्यांनी पडवीत येगळी चूल मांडली, पन निरोप चुकला नाय. सुनंदा नर्स झाली, नोकरीला लागली, तिचं लगीन झालं. तरी जूनात निरोप यायचाच. मी कळवलं, आता फी नसती, पगार असतो. पुढल्या जूनात पुन्हा तेच.

शेवटची भेट झाली तव्हा मी पडवीत त्यांच्या खाटंपाशी बसले व्हते. मला वळखलं का नाय, सांगता येनार नाय. डोळे मिटूनच म्हनल्या, "पोरीची फी भरली का गं?" पोरीचीच पोर आता साळंत जाते, पन ते कशाला सांगत बसू. मी म्हनलं, "भरली आत्याबाई." त्यांनी मान हलवली.

आता जून लागलाय. परवा गावाकडला एकजन दाराशी मेथीच्या जुड्या घेऊन आला. घेतल्या, पैसे दिले, तो चपला घालाया लागला... तरी मी दार लावलं नाय. तो म्हनला, "काय वहिनी, काय राह्यलं का?" म्हनलं, नाय, जा तू. मंग मी दार लावलं.