क्रॉयडनच्या नातीची संसद

...तर पद्माकरआजोबांची ही लंडनच्या क्रॉयडन भागात वाढलेली नात, आश्लेषा, पॅसिफिकमधल्या एका इवल्याशा बेटदेशाच्या संसदेची क्लार्क, म्हणजे सचिव, झाली, इथवर काल आलो होतो. पहिल्याच दिवशी तिने घरच्या सवयीने सभागृहाच्या दाराशी चपला काढल्या. तिथली रीतही तीच निघाली आणि सगळे खासदार खूश झाले. संसदेची चार वर्षांची मुदत संपली, निवडणूक झाली, तरी नव्या खासदारांनाही क्लार्क म्हणून आश्लेषाच हवी होती. आजोबांची मान ताठ झाली, पण नात परत येते की नाही, या विचाराने जीव खालीवर होत होता. शेवटी त्यांनी फोन लावला.

“काय गं, संपला ना तुझा संसद?” त्यांनी तिचीच नेहमीची चूक करून तिला चिडवलं.

“आजोबा, संसद ‘ती’ असते, तुम्हीच शिकवलंत. माझी नवी संसद सोमवारी भरतेय. तिला सोडून कशी येऊ?”