पुठ्ठ्यावरचा बचाव

कप ठेवायला मी भिंतीत फळी ठोकली, तेव्हा स्पर्धेला दोन महिने अवकाश होता.

कुंभमेळ्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. मखमलाबादला आमची झेंडूची शेती. पंचवटीतली बुद्धिबळ स्पर्धा यंदा जिंकायचीच, असं मी ठरवलं होतं (आणि सगळ्या फुलबाजारात सांगूनही आलो होतो!). सरावाला कुणीतरी हवं, म्हणून बायकोला, सुनंदाला, पटासमोर बसवलं. पांढऱ्या सोंगट्या अर्थातच कायम माझ्या. तिच्यासाठी पुस्तकातला काळ्याचा 'क्लासिकल डिफेन्स' पुठ्ठ्यावर उतरवून दिला. मी हे खेळलो की तिने ते खेळायचं.

"आन् तुमी दुसरंच कायतरी खेळले तर?"

"मी दुसरं खेळतच नाही."

हार ओवता ओवता तिने पुठ्ठा पाठ केला. मी अडकलो की चाल परत घ्यायचो, त्यामुळे रोज मीच जिंकायचो.

स्पर्धेत आमच्या सहाजणांच्या गटात एकजण आलाच नाही. संख्या भरावी म्हणून मी उदारपणे सुनंदाचं नाव दिलं. ती पहिले चारही डाव हरली, कारण पुठ्ठ्यावरचं कुणी खेळेचना. मी तीन जिंकलो, एक बरोबरीत सोडवला. शेवटचा जिंकला की कप माझा. आणि समोर कोण? काळ्या सोंगट्या घेऊन सुनंदा!

"लवकर आटप, म्हशीची धार काढायचीय," मी कुजबुजलो.

"खेळा तुमी."

मी खेळलो. तिने पुठ्ठ्यावरचं उत्तर दिलं. पुन्हा खेळलो, पुन्हा उत्तर. झेंडू ओवावा तसा तिचा हात चालला होता. मला घाम फुटला. दुसरं काही येत असतं तर खेळलो नसतो का? विसाव्या चालीला माझा वजीर अडकला आणि सवयीने मी चाल परत घेऊ लागलो.

सुनंदाने शांतपणे पंचांना बोलावलं.

"अगं, घरी घेऊ देतेस ना?"

"घरी नवरा हाय म्हणून. हितं नियम हाय."

वजीर गेला, मागोमाग राजावर मात झाली. कप चांदवडच्या एका मास्तरांनी नेला. मला फार वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

परतताना स्कूटरवर मागून आवाज आला, "मुद्दाम नाय हरवलं. हरायच्या चाली तुमी शिकवल्याच नाय."

हल्ली घरी काळ्या सोंगट्या माझ्याकडे असतात आणि रोज मीच हरतो. कपाच्या फळीवर तो पुठ्ठा ठेवलाय. डाव संपला की सुनंदा तिकडे बोट दाखवते, "पाठ करा, मंग बसा."