शंभरावं घर

केजला मावशीकडं राहून मी इंग्रजी बोलायच्या क्लासला जात होते. सरांनी शंभर इंग्रजी वाक्प्रचारांची वही दिली, प्रत्येकासमोर एक रिकामं घर. आपल्याकडं त्या वेळी काय म्हणतात ते त्यात लिहायचं. पण मनानं रचायचं नाही, कुणाच्या तरी तोंडून ऐकलेलंच लिहायचं. ज्याची वही पूर्ण भरेल त्याला उन्हाळ्यात लहान मुलांचा वर्ग शिकवायला मिळणार होता. मला तो हवाच होता. क्लासमधल्या एका वकिलाच्या मुलीलाही हवा होता, म्हणून मला जरा जास्तच हवा होता.

मावशीला विचारलं तर म्हणाली, "माजं डोकं खाऊ नको." तेही मी 'गेट ऑफ माय बॅक'च्या घरात लिहून टाकलं.

मग आईला गाठलं. आई-वडील दिवाळीपासून ऊसतोडीला कर्नाटकात. दुपारी भाकर खायला बसली की तिचा फोन लागायचा. तिनं शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, पण मी अर्थ सांगायचा अवकाश, उत्तर तयार. 'पीस ऑफ केक', म्हणजे अगदी सोपं काम? "हातचा मळ." 'वन्स इन अ ब्लू मून', कधीतरीच दिसणारा? "उंबराचं फूल. तुजा मामा." 'हिट द सॅक', झोपायला जाणं? "पाठ टेकायची. कवा टेकते असं झालंय बग." 'चिल', म्हणजे तापू नको? "दमानं घे. जन्मल्यापासून तुला त्येच सांगायलेय."

नव्याण्णव घरं भरली. राहिलं 'लाँग टाइम नो सी'.

"म्हंजी?"

"लई दिवसांनी कुणी भेटलं की आपण काय म्हणतो?"

"कोन भेटलं की?"

"कुणीबी. समज, मीच."

 आईच्या मागं मुकादम कुणाला तरी हाका मारत होता. मग ती म्हणाली, "असं फोनवर न्हाई येत मला. आल्यावर सांगते." आणि फोन ठेवला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वही दुसऱ्या दिवशी द्यायची होती. ते घर मनानंही भरता आलं असतं, सरांना काय कळणार होतं? दोनदा पेन उघडलं. पण तिनं सांगते म्हटलं होतं. वही तशीच दिली, वर्ग वकिलाच्या मुलीला गेला, आणि मी चार दिवस आईचा फोन उचलला नाही.

हंगाम संपला, मी केजहून गावी आले. गावच्या फाट्यावर ट्रॅक्टर थांबला तेव्हा मी मुद्दाम तोंड फुगवून उभी होते. आई उतरली, गाठोडं खाली टाकलं, माझी हनुवटी धरली. तिचे हात पार खरखरीत झाले होते. कितीतरी वेळ बघत राहिली.

"लई दिसांनी तोंड दिसलं गं माय."

मला रडूच कोसळलं. सगळी तोडकरी मंडळी बघत होती, तरी आवरेना.

आईनं पदरानं आधी माझे डोळे पुसले, मग स्वतःचे.

"लिव आता," ती म्हणाली. "कुटंय वही?"