व्याह्यांची छिन्नी

निवृत्तीनंतर माझं पहिलं पोस्टिंग जर्मनीत, इंगोलश्टाटला झालं. आदेश मुलीचा, काम नातवाला सांभाळणं. मृणाल आणि जावई स्टेफान दोघंही तिथल्या मोटार कारखान्यात. मी निवृत्त मेजर; सॅपर, म्हणजे सैन्यातला इंजिनिअर. आम्ही पूल बांधतो, सुरुंग पेरतो आणि नंतर तेच सुरुंग उचलतो. या शेवटच्या कामाला बँड वाजत नाही.

व्याही होर्स्टही जर्मन सैन्यातले जुने सॅपर. दोघांनाही भाषणांचा कंटाळा, एवढ्यावर मैत्री जमली. भाषा म्हणजे तुटकी इंग्लिश, अडलं की त्यांचं जर्मन आणि माझे हात. त्यांचा थोरला मुलगा मार्कुस अफगाणिस्तानात रस्त्यातले सुरुंग शोधताना गेला होता. गावच्या स्मारकावर, दोन महायुद्धांतल्या नावांखाली, त्याचं नाव सोनेरी अक्षरांत आलं. समारंभाला मोठे पाहुणे होते. त्याबद्दल होर्स्ट एवढंच म्हणायचे की दगड चांगला आहे, पॉलिश जरा जास्त झालं.

मार्कुसच्या खोलीत हवाईतल्या मोठ्या बेटाचं एक पोस्टर होतं. काळ्या लाव्हावर कोरलेली माणसं. ड्यूटी संपली की तो ती बघायला जाणार होता. दोन हजार आठच्या सप्टेंबरात होर्स्टनी दोन तिकिटं काढली. स्टेफानला रजा मिळेना.

"बाबा, त्यांना एकटं सोडू नका," मृणाल म्हणाली.

"अहो, मला महाबळेश्वर आणि व्याह्यांना हवाई?" हे सौभाग्यवतींचं मत. ते नोंदवून मी निघालो.

बेटावर पोचल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी होर्स्टच्या पिशवीत मला छिन्नी आणि हातोडी दिसली. मी विचारलं. त्यांनी लपवलं नाही. स्मारकावरचं नाव कंत्राटदाराने कोरलं होतं. इथे ते स्वतः कोरणार होते, लहानसं, कडेला. मी म्हटलं, कायद्याने गुन्हा आहे, पकडतील. ते म्हणाले, "हे बघा, मेजरसाहेब, मी अडुसष्ट वर्षांचा आहे. पकडू देत."

व्याह्यांना हुकूम देता येत नाही. मी पाण्याची बाटली घेऊन मागे निघालो.

गाडीरस्त्यापासून वाट लाव्हावरून जाते. झाड नाही, सावली नाही. गोठलेल्या लाटांसारखा काळा दगड समुद्रापर्यंत पसरलेला. शेवटी लाकडी फळ्यांची उंच पायवाट, तिच्यावरूनच बघायचं. आभाळ भरून आलं होतं. खाली पाहिलं तर काहीच दिसेना, डांबरी मैदान असावं तसं. एवढ्यासाठी अर्धी पृथ्वी ओलांडली, असं माझ्या मनात आलंच. प्रसिद्ध जागांबद्दल मला आधीपासून शंका असते.

पार्कच्या गणवेशातली एक स्थानिक बाई तिथे होती. तिने सांगितलं की खाली बहुतेक छोटे खळगे आहेत. मूल जन्मलं की घरचे लोक इथवर चालत येत, एक खळगा कोरत, त्यात बाळाची नाळ ठेवत आणि वर दगड ठेवत. मूल दीर्घायुषी व्हावं म्हणून. नाव कुणीच कोरलं नाही. ती पुढच्या पर्यटकांकडे गेली.

मी वळलो तेव्हा होर्स्ट पायवाटेवर नव्हते. कठडा ओलांडून बरेच आत गेले होते, पिशवीसकट.

तेवढ्यात ढग सरकला. सकाळचं ऊन तिरकं आलं आणि प्रत्येक खळग्यात सावली भरली. अख्खं मैदान एकदम उघडं पडलं. खळगेच खळगे, त्यांच्याभोवती वर्तुळं, मध्येच हातपाय पसरलेली माणसं. नजर जाईल तिथवर. इतक्या आया, इतके बाप, इतकी मुलं. मी सलामी पुष्कळ दिल्या आहेत, बहुतेक सवयीने. त्या क्षणी मी टोपी कधी काढली ते मला कळलं नाही.

होर्स्ट मधोमध उभे होते. एक पाय उचललेला, ठेवायला जागा नाही. त्यांनी वळून पाहिलं. चेहरा मी ओळखला. सुरुंगांच्या पट्ट्यात चुकून शिरलेल्या माणसाला जेव्हा ते कळतं, तेव्हा तो असाच दिसतो.

"होर्स्ट, हाल्ट," मी म्हणालो. "मेजर बोलतोय. माझं ऐका."

"ऐकतोय."

"जिथून उचलला, तिथेच ठेवा. आता डावा. मागे. टाच वर. थोडा उजवीकडे."

"इथे?"

"तिथे नाही, तिथे एक आहे. वीतभर मागे. ठेवा."

अशा वेळी आल्या पावलांनीच परतायचं असतं. दगडावर पाऊल उमटत नाही, म्हणून मी त्यांचे डोळे झालो. दोघांनाही हे ड्रिल पाठ होतं. अडुसष्टाव्या वर्षी ते एका पायावर थांबायचे, मी जागा शोधायचो. एकाही खळग्यावर पाय पडला नाही. ती बाई परत आली होती. ती ओरडणार होती, पण होर्स्टचे पाय बघून तिने मागच्या पर्यटकांना हाताने अडवलं.

कठड्याशी मी त्यांचा हात धरला. छिन्नी पिशवीतून बाहेर आलीच नव्हती.

"कोरायला मोकळा दगड होता," ते म्हणाले. "पण तिथे पोचायला यांच्या मुलांवरून चालावं लागलं असतं."

आम्ही फळ्यांवर बसलो. पिशवी बाजूला ठेवून त्यांनी विचारलं, "हे ड्रिल तुम्ही खरोखरीचं एकदा केलंय ना?"

"हो. राजस्थानात. सीमेवरून सैन्य मागे घेतल्यावर सुरुंग उचलत होतो. वाळूबरोबर सुरुंगही सरकले होते. माझा एक जवान आत अडकला."

"तो बाहेर आला?"

"नाही."

त्यांनी नाव विचारलं. नाईक ज्ञानू शेळके, मी म्हणालो. नाव त्यांच्या जिभेवर बसेना. बसेपर्यंत ते म्हणत राहिले. मग समुद्राकडे तोंड करून दोन्ही नावं एकापुढे एक घेतली, हजेरी घेताना घेतात तशी: शेळके, ज्ञानू. मार्कुस.

ज्ञानू वाळव्याचा होता. खेळात हरला की पत्ते लपवायचा. त्या दिवसाच्या आठ दिवस आधी त्याला मुलगी झाली होती. रजा मी मंजूर केली होती, सोमवारपासून.