वरच्या मजल्यावरची दुपार

शैलजाबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं ते वालाच्या शेतात. पेणच्या वेशीबाहेर, स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून त्यांच्या सासरचं शेत होतं. मी रोह्याजवळच्या अष्टमी गावची मुलगी, नुकतीच लग्न होऊन पेणला आलेली, आणि सासूबाईंबरोबर वालाच्या शेंगा घ्यायला गेले होते. बघते तो भर शेतात एक उंच बाई पदर खोचून, छत्री उघडून उभ्या, आणि एक गवंडी त्या सांगतील तशी जमिनीवर चुन्याची फक्की ओततोय. हायस्कुलात भूगोल शिकवणाऱ्या बाई त्या याच, असं सासूबाई कानात कुजबुजल्या. मी दोन पावलं पुढे गेले, तर बाई म्हणाल्या, "जपून हं, तुम्ही आत्ता कापडाच्या दुकानात शिरलात." खाली पाहिलं तर पायाखाली पांढरी रेघ! सासूबाई घर येईपर्यंत हसत होत्या. मला काही हसू आलं नाही. खोटं वाटेल, पण त्या रेघेच्या आत मला कोऱ्या पॉपलीनचा वास आला होता. इथे आपलं दुकान असावं, हे त्याच क्षणी मनात बसलं.

आज त्या जागी काचेची दारं आहेत, सरकता जिना आहे, तळघरात गाड्या लागतात. पंचक्रोशीत एवढं मोठं शॉपिंग सेंटर दुसरं नाही. पण हे सगळं एका दमात झालेलं नाही. आधी रस्त्यालगत पत्र्याच्या गाळ्यांची एक रांग होती. मग शेताच्या मधोमध दुमजली इमारत उठली आणि तिच्या वरच्या मजल्यावर मी माझं मॅचिंग सेंटर थाटलं. नवरा रोह्याला कंपनीत, शिफ्टची नोकरी. गाळा उभा राहिला तो माझ्या पाटल्यांवर.

आणि वर कुणी फिरकेचना! खाली पाय ठेवायला जागा नसायची, आणि वर मी, एक शिंपीमामा आणि एक घड्याळवाले काका, तिघं एकमेकांची तोंडं बघत बसायचो. कासू-जित्याकडच्या खेड्यांतल्या बायका जिन्यापाशी यायच्या, मान वर करून बघायच्या आणि विचारायच्या, "वर कोणाचं घर हाय गो?" वरचा मजला म्हणजे कुणाचं तरी राहतं घर, अशीच त्यांची समजूत. दुसऱ्याच्या घरात कोण कशाला शिरेल? इकडे माझ्या घरी गाळा विकून टाकायची भाषा सुरू झाली. मी तरातरा बाईंकडे गेले. माझी जीभ तिखट, हे बाईंच्या या गौरवग्रंथाच्या वाचकांना ठाऊक आहेच. म्हटलं, "बाई, तुमच्या वरच्या मजल्यावर कावळासुद्धा येत नाही!"

बाई रागावल्या नाहीत. "चल, खाली पायरीवर बसू," म्हणाल्या. आम्ही अख्खी दुपार तिथे बसून होतो. बायकांचा बाजार सकाळीच उरकलेला, परतीची गाडी उतरत्या उन्हाची. तोवर त्या पिशव्या कवटाळून भिंतीच्या वीतभर सावलीत अंग चोरून बसायच्या. एकीला मी तांब्या पुढे केला, तर तिने मान हलवली. "नको गो. पाणी प्यायलं की पंचाईत. जायचं कुठं?"

वरच्या मजल्यावरचा कोपऱ्यातला सर्वात हवेशीर गाळा बाईंनी स्वतःसाठी राखला होता. निवृत्तीनंतर तिथे पुस्तकं घेऊन बसायचं त्यांच्या मनात होतं. आठवड्याभरात तो धुऊन निघाला. चटया आल्या, पंखे लागले, माठ आला, मागे दोन स्वच्छ संडास बांधले, आतून घट्ट कडी लागणारे. भाडं नाही, कुलूप नाही, साधी पाटीही नाही. त्या भिंतीच्या सावलीतल्या बायकांना बाई स्वतः हाताला धरून वर घेऊन आल्या. त्या आल्या, पण चपला जिन्याखाली काढून! रखवालदार त्यांना टोकायला निघाला, तर बाई म्हणाल्या, "असू दे. घरी आल्यासारखं वाटतंय त्यांना, आपण कशाला बाजार दाखवायचा?"

त्या दुपारी मी कधी विसरणार नाही. पंखे संथ फिरत. खिडकीबाहेर वालाचं उरलेलं शेत उन्हात डुलत असे. पिशव्यांतून ताज्या पोह्यांचा आणि सुकटीचा वास एकमेकांत मिसळून सगळ्या मजल्यावर पसरायचा. चटयांवर पंधरा-वीस बायका पदर तोंडावर घेऊन गाढ झोपलेल्या, एखादी झोपेतच घासाघीस करायची, "नाय, एवढ्याला नाय देत." शिंपीमामा मशीन थांबवत. घड्याळवाले काका तर ठोक्यांची घड्याळं बंदच ठेवत. अशा वेळी मलाही वाटायचं, हे शॉपिंग सेंटर कुणाला तरी पडलेलं स्वप्न आहे आणि आपण त्यात फुकट राहतोय. मग बायका जाग्या होत, तोंडावर पाणी मारत आणि जाता जाता माझ्याकडे अस्तर नाहीतर फॉल घेत. माझं दुकान असं लोकांच्या झोपेवर चाललं, अहो!

माझ्या लेकीला टायफॉइड झाला तेव्हा बाई शाळा सुटल्यावर माझ्या गल्ल्यावर बसल्या. विक्री कसली करतात! "हा रंग तुम्हाला शोभत नाही," असं सांगून चांगली गिऱ्हाइकं परत पाठवली. मी कपाळावर हात मारला. पण तीच गिऱ्हाइकं पुढे वर्षानुवर्षं "त्या खरं सांगणाऱ्या बाई आहेत का?" म्हणून विचारत यायची.

पुढे इमारत जुनी झाली, नवी मोठी बांधायची ठरली. एका बड्या शोरूमला वरचा मजला सलग हवा होता, कोपऱ्यातल्या खोलीसकट. सभा भरली. एक गाळेवाले म्हणाले, "आता कोण झोपायला येतंय? सगळ्यांकडे मोबाईल आहेत, रिक्षा आहेत." मी उठले आणि त्यांना असं काही सुनावलं की ते इथे छापता येणार नाही. पण हात मोजायची वेळ आली तेव्हा खोलीच्या बाजूने आम्ही मोजकेच उरलो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"रंजना, बस," बाई म्हणाल्या. मग सगळ्यांकडे वळून अगदी वर्गात बोलतात तशा शांतपणे म्हणाल्या, "नव्या इमारतीत खालचा दर्शनी गाळा माझ्या वाट्याचा आहे. तो शोरूमला द्या. खोली आहे तिथेच राहील. आणि करारात असं लिहा की ती मीसुद्धा बंद करू शकणार नाही." त्या गाळ्याच्या भाड्यावर त्यांचं उतारवय निभायचं होतं, हे सभेत सगळ्यांना माहीत होतं. त्यांचा मुलगा कळवळून म्हणाला, "आई, अगं म्हातारपणाचं काय?"

"म्हातारपणी काय लागतं रे? दुपारी पाठ टेकायला जागा. ती ठेवतेच आहे की!"

करार तसाच झाला.

परवा, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पहिल्यांदाच, बाई लिफ्टने वर आल्या. मी त्यांना हात धरून खोलीत नेलं. चटया भरलेल्या होत्या. बाई एका कडेला आडव्या झाल्या. तेवढ्यात जित्याची एक तरणी बाई घामाघूम होऊन आत आली, इकडेतिकडे पाहिलं आणि बाईंना म्हणाली, "सरक गो आजी, जरा जागा दे." माझं डोकंच फिरलं. कुणाला बोलतेस, ठाऊक हाय का, असं म्हणायला मी तोंड उघडलं, तर बाईंनी मला हातानेच गप्प केलं आणि त्या भिंतीकडे सरकल्या. ती शेजारी लवंडली. थोड्या वेळाने दोघींनाही झोप लागली. बाईंच्या चेहऱ्यावर एवढं समाधान मी त्यांच्या कुठल्याही सत्कारात पाहिलेलं नाही.

बाई, तुमचे गुडघे ठणठणीत राहोत, झोप गाढ राहो, शंभरी तुम्ही चालत चालत ओलांडा. आणि तुम्ही कोण, हे ठाऊक नसलेलं कुणीतरी रोज दुपारी तुम्हाला असंच सरकायला सांगो.